एकाहत्तर गुण नेमके कुणाचे?

शाश्वत विकासाच्या ध्येयांची मुदत २०३० मध्ये संपते. ही ध्येयं सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ देशांनी मान्य केली. १७ ध्येयं आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं. गरिबी, भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी, ऊर्जा, रोजगार, विषमता, हवामान अशी ती यादी आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या आणि शाळांच्या भिंतींवर सतरा रंगीत चौकोन रंगवलेले दिसतात, ते हेच. त्यातला चौथा, गडद लाल चौकोन आम्हा शिक्षकांचा : दर्जेदार शिक्षण. सगळ्या चौकोनांच्या मागे एक वचन आहे, ‘कोणीही मागे राहू नये’. मला या लेखात फक्त या वचनाबद्दल बोलायचं आहे. कोणी मागे राहिलं की नाही, हे आपण पाहतो तरी कसं?

भारतात हे पाहण्याचं काम नीती आयोग करतो. २०१८ पासून आयोग देशाची आणि राज्यांची गुणपत्रिका काढतो. देशाला १०० पैकी २०१८ मध्ये ५७, २०१९-२० मध्ये ६०, २०२०-२१ मध्ये ६६ आणि २०२३-२४ मध्ये ७१ गुण मिळाले. शेवटच्या फेरीत केरळ आणि उत्तराखंड ७९ गुणांवर पहिले, बिहार ५७ वर शेवटचं. बातमी येते, मुख्यमंत्री अभिनंदन करतात किंवा विरोधक टीका करतात, आणि दोन दिवसांत विषय संपतो.

मी शिक्षिका आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. गुणपत्रिका करणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे गुण दिसले की मी आधी प्रश्नपत्रिका मागते. ती पाहिली तर काय दिसतं? पहिल्या फेरीत १३ ध्येयं आणि ६२ निर्देशक होते. दुसऱ्या फेरीत १६ ध्येयं, १०० निर्देशक. मग ११५, मग ११३. निर्देशक वाढवणं चुकीचं नाही, सुधारणा करायलाच हवी. पण पेपर बदलला तर ५७ आणि ७१ यांची सरळ तुलना कशी करायची? मुलगा हुशार झाला की पेपर वेगळा आला, हे बघणाऱ्याला कळत नाही.

गुण देण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या निर्देशकात जे राज्य सगळ्यात मागे, तिथे शून्य. ठरवलेलं लक्ष्य गाठलं की शंभर. बाकीची राज्यं या दोन टोकांमध्ये बसवायची. मग त्या ध्येयातल्या सगळ्या निर्देशकांची सरासरी, आणि शेवटी सगळ्या ध्येयांची सरासरी. सरासरीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. गणितात २० आणि चित्रकलेत ९८ मिळवणारं मूलही सरासरीत पास होतं.

देशाच्या ७१ मध्ये हेच झालंय. ऊर्जेच्या ध्येयात आपण ५१ वरून ९६ वर गेलो. शिक्षणात ५८ वरून ६१ वर. भुकेच्या ध्येयात ४८ वरून ५२ वर. स्त्री-पुरुष समानतेत ३६ वरून ४९ वर. सहा वर्षांत ऊर्जेनं ४५ गुण कमावले आणि शिक्षणानं ३. वीज आणि गॅस घरोघर पोहोचले ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारण्याचं कारण नाही. पण ऊर्जेच्या ध्येयात मोजली गेली ती जोडणी. घराला वीज जोडली का, कुटुंबांच्या संख्येच्या तुलनेत गॅसच्या जोडण्या किती. सिलिंडर संपल्यावर तो पुन्हा भरला का, हा प्रश्न त्या पेपरात नाही. पालकभेटीला मी ज्या घरांत जाते, त्यातल्या बऱ्याच घरांत सिलिंडर कोपऱ्यात असतो आणि मागच्या अंगणात चूल पेटलेली असते. पाहुणे आले की गॅस, रोजच्या भाकरीला लाकूड. या घराचा त्या ९६ मध्ये पूर्ण गुण धरला गेलाय.

शौचालयांचंही असंच. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९ टक्के कुटुंबं कोणतंही शौचालय वापरत नसल्याचं आढळलं. एका ठिकाणी बांधलेली शौचालयं मोजली, दुसऱ्या ठिकाणी घरात जाऊन माणसांना विचारलं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मला दुसऱ्या आकड्यावर जास्त भरवसा वाटतो, कारण तो विचारणाऱ्याला उत्तरात स्वतःचा काही फायदा नव्हता. पहिल्यात ज्यांनी काम करायचं, त्यांनीच काम झाल्याचं कळवायचं होतं. शाळेतही आम्ही ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘मुलींसाठी स्वतंत्र शौचालय : होय’ असं भरतो. ते खोटं नसतं. पण टाकीत पाणी नसलं की सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी थांबतात, आणि ते दिवस हजेरीत गैरहजेरी म्हणून पडतात. त्यांचं कारण कुठेच पडत नाही.

कुणी म्हणेल, मग मोजमापच नको. मी त्या पक्षाची नाही. जम्मूत जन्मलेले अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आणला. माणसाचं आयुष्य एका आकड्यात कोंबण्याला त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांचा सुरुवातीला विरोध होता. हक यांचं म्हणणं असं की, राष्ट्रीय उत्पन्नाचा एक ढोबळ आकडा जगावर राज्य करतोय, त्याला हटवायचं तर तेवढाच सुटसुटीत दुसरा आकडा समोर ठेवावा लागेल, फक्त तो माणसाच्या जगण्याकडे डोळेझाक करणारा नसावा. सेन यांनी नंतर ते मान्य केलं. आकड्याशिवाय सरकारी टेबलावर कुणाचंच दुःख पोहोचत नाही, हे हक यांना कळलं होतं. अर्थमंत्रालयात काम केलेला माणूस होता तो. माझा आक्षेप मोजण्याला नाही. आक्षेप हा, की मोजताना काही कप्पेच ठेवलेले नाहीत.

या ध्येयांच्या मूळ मसुद्यात १७.१८ क्रमांकाचं एक लक्ष्य आहे. देशांनी आपली आकडेवारी उत्पन्न, लिंग, वय, वंश, वांशिक ओळख, स्थलांतर, अपंगत्व आणि भौगोलिक स्थान यांनुसार वेगवेगळी करून द्यावी, असं त्यात म्हटलंय. शेवटी ‘आणि त्या त्या देशात महत्त्वाची असलेली इतर वैशिष्ट्यं’ अशी एक खिडकी उघडी ठेवली आहे. या यादीत धर्म नाही आणि भाषाही नाही. भारतात त्या उघड्या खिडकीतून काय आत यायला हवं, हे सांगायला फार मोठा अभ्यास लागत नाही. जात, धर्म आणि भाषा. आपल्या निर्देशांकात अनुसूचित जाती-जमाती काही ठिकाणी दिसतात. मुस्लिम मुलगा किंवा उर्दू माध्यमाची मुलगी कुठे दिसत नाही.

दिसली तर काय फरक पडेल? एक उदाहरण घेऊ. युडायस प्लसच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे २० टक्के अल्पसंख्याक आहेत, आणि त्यातले ७९.६ टक्के मुस्लिम. म्हणजे देशातल्या शाळकरी मुलांत मुस्लिमांचं प्रमाण साधारण १६ टक्के येतं. २०११ च्या जनगणनेत मुस्लिमांची लोकसंख्या १४.२ टक्के होती, आणि समाजात लहान मुलांचं प्रमाण जास्त आहे हे धरलं तर हा आकडा पटण्यासारखा आहे. ‘मुसलमान पोरांना शाळेत पाठवत नाहीत’ हे वाक्य मी बीएडला असल्यापासून ऐकतेय. ते या आकड्यानं निकालात निघायला हवं.

आता उच्च शिक्षणाकडे या. २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम २१ लाखांच्या आसपास, म्हणजे ५ टक्क्यांहून कमी. त्याच्या आदल्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ते २१ लाखांवरून १९.२१ लाखांवर घसरले होते, आणि त्या वर्षी देशातली एकूण पटसंख्या मात्र वाढली होती. दोन सर्वेक्षणांची वर्षं वेगळी आहेत, दोन्हीत माहिती संस्थांनीच भरलेली आहे, म्हणून दशांश चिन्हापर्यंत वाद घालण्यात अर्थ नाही. पण १६ आणि ५ यांच्यामधलं अंतर दशांशाचं नाही. मुलं शाळेत येतात आणि कुठेतरी वाटेत गळतात. कुठे? आठवीनंतर, जिथे उर्दू शाळा संपते आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात असते तिथे? दहावीनंतर, जिथे मुलगा गॅरेजवर आणि मुलगी घरात जाते तिथे? माझ्या अनुभवानं मी अंदाज सांगू शकते. धोरण मात्र माझ्या अंदाजावर चालत नाही, चालूही नये.

गंमत अशी की माहिती आहे. युडायसच्या फॉर्ममध्ये प्रत्येक मुलाचा सामाजिक प्रवर्ग, अल्पसंख्याक गट, मातृभाषा, माध्यम हे सगळं आम्हीच भरतो. नेट चालत नाही म्हणून रात्री अकराला घरी बसून भरतो. मग राज्याच्या गुणपत्रिकेत गळतीचा आकडा येतो तो एकच, सगळ्यांचा मिळून. माध्यमनिहाय नाही, समाजनिहाय नाही. २०२२ मध्ये केंद्रानं अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. असेल बरोबर. पण शिष्यवृत्ती थांबल्यावर सहावी-सातवीतली किती मुलं थांबली, हे तपासायला जो निर्देशक लागतो तोच नसेल, तर निर्णय बरोबर होता की चूक हे कधीच कळणार नाही. सच्चर समितीनं नोव्हेंबर २००६ मध्येच सामाजिक-धार्मिक गटनिहाय माहिती ठेवणारी राष्ट्रीय माहितीपेढी उभारा अशी शिफारस केली होती. त्या अहवालातल्या आरक्षणाच्या आणि नोकऱ्यांच्या चर्चेवर आपण वीस वर्षं भांडलो. माहितीपेढीची शिफारस कुणी वाचलीच नाही, आपल्या लोकांनीही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तो माझ्या वर्गातला असल्यामुळे थोडं सविस्तर सांगते. युनेस्कोच्या निर्देशकांत एक चांगला निर्देशक आहे : प्राथमिक शाळेतल्या किती मुलांची घरची भाषा आणि शिकण्याची भाषा एकच आहे. आमच्या शाळेचं उत्तर कागदावर शंभर टक्के येईल. मातृभाषा उर्दू, माध्यम उर्दू. प्रत्यक्षात मुलं घरी बोलतात ती दखनी. ‘मेरेकू नको’, ‘हौ’, ‘वोइच बोली मैं’. ‘नको’ मराठीतून आलेलं, तो मधला ‘च’ही मराठीच. ही भाषा गोड आहे, शेकडो वर्षं जुनी आहे, पण पाठ्यपुस्तकातली उर्दू ही तिच्यापासून बरीच लांब आहे.

याचा वाचनाशी थेट संबंध येतो. उर्दू लिपीत आखूड स्वर बहुतेक वेळा लिहिले जात नाहीत. पहिलीच्या पुस्तकात ज़ेर, ज़बर, पेश अशी चिन्हं देतात, पुढे ती कमी होत जातात. मीम आणि लाम एवढीच अक्षरं समोर असतील तर तो शब्द ‘मिल’ आहे की ‘मल’, हे वाक्याच्या अर्थावरून ठरवायचं. ज्या मुलाच्या कानावर पुस्तकी उर्दू पडलेलीच नाही, त्यानं अर्थ आणायचा कुठून? ते अडखळतं. निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. घड्याळ लावलं की हे अडखळणं ‘अप्रगत’ म्हणून नोंदलं जातं. मूल अप्रगत नसतं, ते एका वेळी दोन भाषा सोडवत असतं.

२०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात एनसीईआरटीनं २० भाषांसाठी वाचनाची पातळी स्वतंत्रपणे ठरवली, त्यात उर्दू होती. हे अगदी योग्य झालं. म्हणजे मोजणाऱ्यांना हे समजत नाही असं नाही. पण तालुक्याच्या बैठकीत हा बारकावा पोहोचेपर्यंत उरतो तो एक तक्ता : शाळेचं नाव, निपुण टक्केवारी, लाल-पिवळा-हिरवा रंग. लाल रंगात उर्दू शाळा जास्त दिसल्या की निष्कर्ष तयारच असतो. एका बैठकीत एक अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘उर्दूवाल्यांचं काय करायचं ते बघावं लागेल.’ काय करायचं ते मी सांगू शकले असते. पहिली दोन वर्षं दखनीतून तोंडी काम जास्त, ज़ेर-ज़बर असलेली वाचनाची पुस्तकं तिसरीपर्यंत, आणि रिक्त जागा भरणं. शेवटची गोष्ट तर कुठल्याही भाषेत सारखीच आहे.

मी शिक्षणाबद्दल जास्त बोलले, कारण तेच मला जवळून दिसतं. पण जागतिक ध्येयांचं मूळ दुखणं हेच आहे. २००० ते २०१५ या काळातल्या आधीच्या सहस्रक ध्येयांत प्राथमिक शिक्षण म्हणजे मुलांची नावं पटावर आहेत का, हेच प्रामुख्यानं पाहिलं गेलं. मुलं आली, शिकली नाहीत. म्हणून २०१५ मध्ये ‘दर्जेदार’ हा शब्द आला आणि वाचन-गणित मोजायचं ठरलं. म्हणजे मोजमाप सुधारता येतं. कुणीतरी दाखवून द्यावं लागतं की पाटी कोरी आहे. जगाचा हिशेब तर आपल्याहून वाईट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात ज्या लक्ष्यांची प्रगती तपासता आली, त्यातली फक्त १७ टक्के योग्य मार्गावर होती.

आता एक अडचण, जी आपल्या वस्तीतली आहे आणि जिच्याबद्दल आपण उघड बोलत नाही. धर्मानुसार मोजा असं म्हटलं की आपलीच माणसं दचकतात. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाचा कायदा आणि नोंदवहीची चर्चा सुरू होती, तेव्हा लसीकरणाची यादी करायला आलेल्या आशाताईलाही आमच्या मोहल्ल्यात ‘कागद कशाला हवेत?’ असं विचारलं गेलं. दारं लावून घेतली गेली. त्या भीतीला मी हसणार नाही. यादी हातात पडली की ती कुणाच्या कामाला येईल, हे सांगता येत नाही, असा अनुभव या देशात लोकांनी घेतलेला आहे.

पण मोजणी आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर घरांची नमुना पाहणी करून, नावं न ठेवता, ‘या जिल्ह्यात आठवीनंतर मुस्लिम मुलींची गळती इतकी’ असं सांगणं ही मोजणी. प्रत्येक मुलाचं नाव, आधार, धर्म, पत्ता एका क्रमांकाखाली साठवणं ही यादी. विचित्र प्रकार असा की यादी आपण निमूट देतोय, ती युडायसमध्ये, अपार ओळखपत्रात भरली जातेच आहे, आणि मोजणी मात्र आपल्या हातात येत नाही. धोका पत्करून झाला, फायदा बाकी आहे. मागणी करायची तर उलटी करायला हवी : नावं कमीत कमी साठवा, साठवलेली सुरक्षित ठेवा, आणि एकत्रित आकडे माध्यमनिहाय, समाजनिहाय, तालुकानिहाय जाहीर करा. माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळतील असे नव्हे, संकेतस्थळावर कुणालाही दिसतील असे.

ही मागणी फक्त मुस्लिमांपुरती नाही. भिल्ली किंवा गोंडी बोलणारं मूल, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर सहा महिने फिरणारं मूल, पारधी वस्तीतलं मूल, सगळ्यांची अडचण एकच आहे. राज्याच्या सरासरीत ती विरघळतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पंचायत प्रगती निर्देशांक आला, त्यात देशातल्या २,१६,२८५ ग्रामपंचायतींना गुण दिले गेले आणि एकही पंचायत सर्वोच्च गटात बसली नाही. आकडा गावापर्यंत उतरला की चित्र किती बदलतं ते इथे दिसलं. देशाला ७१ गुण, आणि ६० टक्क्यांहून जास्त पंचायती ‘आकांक्षी’ या खालून दुसऱ्या गटात. तोच आकडा गावातल्या मोहल्ल्यापर्यंत, तांड्यापर्यंत उतरवायला तांत्रिक अडचण मोठी नाही.

यातलं बरंचसं अडलंय ते जनगणनेपाशी. २०२१ ची झाली नाही, त्यामुळे टक्केवारी काढताना खाली जो भाजक घ्यायचा तो अजून २०११ चा किंवा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. आता जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे आणि तीत जातही विचारली जाणार आहे. घरोघर जाणाऱ्यांत नेहमीप्रमाणे आम्ही शिक्षक मोठ्या संख्येनं असू. गेल्या वेळी मी ज्या गल्लीत गेले होते तिथे मातृभाषेच्या प्रश्नाला बायका आधी नवऱ्याकडे बघायच्या, मग ‘लिहा काय लिहायचं ते’ म्हणायच्या. या वेळी मशिदीच्या कमिट्यांनी, महिला बचतगटांनी, आपल्या तरुण पोरांनी आधीच घरोघर जाऊन फॉर्ममधले प्रश्न समजावून सांगितले पाहिजेत. किती खोल्या, पाणी कुठून, कोण किती शिकलं, कोण कामाला बाहेरगावी गेलंय, घरात कुठली भाषा बोलता. आणि गणक काय लिहितो ते पाहून घ्या. तुमच्या घरी दखनी बोलत असतील तर दखनी सांगा.